आधी कमांड लिहा, हुक नंतर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. नांदेडला तुमची सहा जणांची टीम, कॉलेजांच्या फीचं सॉफ्टवेअर बनवता, सगळा कोड गिटवर (कोडातला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं अवजार). कॉमिटच्या (म्हणजे बदल गिटमध्ये नोंदवण्याच्या) आधी पाच-सहा गोष्टी दरवेळी बघाव्या लागतात आणि कुणीतरी एक विसरतंच, म्हणून तुम्ही साठ ओळींचा प्री-कॉमिट हुक (कॉमिटच्या आधी गिट आपोआप चालवतं ती स्क्रिप्ट) लिहिला आणि व्हॉट्सॲपवर सगळ्यांना टाकला. चौघांकडं चालला, दोन विंडोजवाल्यांकडं चालेना, आणि ज्यांच्याकडं चालतो त्यातले दोघं तो टाळूनच कॉमिट करायलेत. वर तुम्हाला स्वतःची एक 'गिट अमुक' अशी कमांड पण करायचीय. सुरुवात कुठून करावी, हुक सुधारावा का फेकून द्यावा, असं तुम्ही विचारलंय.

फेकू नका. फक्त त्याची जागा बदला. तुमच्या साठ ओळी हुकमध्ये असायलाच नको होत्या, त्या एका साध्या कमांडमध्ये पाहिजेत जी कुणीही हातानं केव्हाही चालवू शकेल, आणि हुकमध्ये फक्त ती कमांड बोलावणारी एक ओळ. बाकी सगळं उत्तर याच्याच अवतीभवती फिरणार आहे. (कमांडा मी इथं मराठी अक्षरात लिहायलोय, टर्मिनलवर टाकताना अर्थातच इंग्रजीत टाका.)

मी चौदा-पंधरा वर्षांपूर्वी वाळूजला एका कंपनीत सबव्हर्जनच्या (गिटच्या आधीचं तसलंच अवजार) हुकपासून सुरुवात केली, आता लातुरात आहे, आडत दुकानांसाठी पट्टी-पावतीचं सॉफ्टवेअर करतो. त्यामुळं पुढं जी उदाहरणं येतील ती सोयाबीन आणि हमाली-तोलाईचीच असणार, सांभाळून घ्या.

आता गिट वाढवायचं म्हणजे काय, तर त्यात भारी असं काहीच नाही. तुमच्या पाथमध्ये (मशीन कमांडा जिथं शोधतं ते फोल्डर) 'गिट-' नावानं सुरू होणारी कुठलीही चालणारी फाईल ठेवा, म्हणजे समजा गिट-तोल, की लगेच 'गिट तोल' अशी कमांड तयार. प्लगिन नाही, नोंदणी नाही, शेल चालतं, पायथन चालतं, सी मध्ये लिहिलेलं चालतं. लोकांना वाटतं ही जुगाड पद्धत आहे, पण खुद्द गिट असंच वाढलंय. लिनस टोरवाल्ड्सनं २००५ मध्ये सुरू केलं तेव्हा आत छोटी छोटी सी ची अवजारं होती आणि वरच्या बऱ्याच कमांडा शेल नाहीतर पर्लच्या स्क्रिप्ट होत्या. गिट रिबेस २०१८ च्या शेवटी २.२० आलं तोपर्यंत मुळात शेल स्क्रिप्टच होतं, गिट स्टॅश २.२२ ला सी मध्ये गेलं, आणि गिट सेंड-ईमेल अजूनही पर्लच आहे. मोठ्या फायलींसाठीचं गिट एलएफएस बघा, ते पण 'गिट-एलएफएस' नावाची एक वेगळी फाईलच आहे. म्हणजे तुम्ही चोरदरवाजानं नाही शिरायलात, पुढच्या दारानंच चाललात.

आमचं 'गिट तोल', म्हणजे आमची तपासणीची कमांड, असंच जन्मलं. आधी ते एक एलियस (कमांडचं टोपणनाव) होतं, कॉन्फिगमध्ये उद्गारचिन्ह लावून लिहिलेलं, एक ओळ, मग दोन, मग एका ओळीत चार सेमीकोलन आणि कोट्सच्या आत कोट्स, आणि एक दिवस असा आला की मलाच ते वाचता येईना. एलियस दोन-तीन शब्दांपुरतं ठेवा, त्याच्या पुढं गेलं की फाईल करा. फाईल करताना एक गोष्ट मात्र चावते, ती आधीच सांगून ठेवतो: उद्गारचिन्हवालं एलियस कायम रेपोच्या (गिट सांभाळतं त्या प्रोजेक्टच्या फोल्डरच्या) मुळापासून चालतं, तुम्ही आतल्या कुठल्या का फोल्डरमध्ये असेना (तुम्ही मुळात कुठं होता ते गिट_प्रीफिक्स नावाच्या व्हेरिएबलमध्ये मिळतं), आणि 'गिट-तोल' अशी स्वतंत्र फाईल मात्र तुम्ही उभे असाल तिथूनच चालते. त्यामुळं एलियसमध्ये वर्षभर नीट चाललेला कोड फाईलमध्ये टाकला की कधी चालतो, कधी नाही, आणि माणूस अर्धा दिवस डोकं खाजवतो. स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच 'गिट रेव्ह-पार्स --शो-टॉपलेव्हल' विचारा आणि तिथं सीडी करा, विषय संपला. अजून एक बारीक गोष्ट, 'गिट तोल --हेल्प' असं कुणी टाकलं तर ते तुमच्या स्क्रिप्टपर्यंत पोचतच नाही, गिट त्या नावाचं मॅन्युअल पान शोधायला जातं. 'गिट तोल -एच' मात्र पोचतं, म्हणून मदत तिथं लिहा.

आता खरा मुद्दा. स्क्रिप्ट लिहिणाऱ्या दहापैकी नऊ जण जे आउटपुट माणसासाठी आहे ते स्क्रिप्टला वाचायला देतात. 'गिट ब्रँच' चालवायचं, ग्रेपनं तारा असलेली ओळ शोधायची, कटनं दोन अक्षरं उडवायची, झाली चालू ब्रँच (कामाचा सध्याचा फाटा). हे चालतं, जोपर्यंत कुणाच्या कॉन्फिगमध्ये रंग 'ऑलवेज' वर नसतो, जोपर्यंत कुणी डिटॅच्ड हेडवर (कुठल्याच ब्रँचवर नाही, थेट एखाद्या कॉमिटवर) नसतं. गिटच्या कमांडांचे दोन वर्ग आहेत, त्यांच्याच भाषेत पोर्सिलेन आणि प्लंबिंग. पोर्सिलेन म्हणजे बाथरूममध्ये दिसतं ते चकचकीत भांडं, ते कंपनी दरवर्षी बदलू शकते, प्लंबिंग म्हणजे भिंतीतला पाईप, तो शक्यतो कुणी हलवत नाही. स्क्रिप्टनं पाईपलाच जोडायचं. ब्रँचची यादी पाहिजे तर 'गिट फॉर-ईच-रेफ' ला फॉरमॅट देऊन, चालू ब्रँच पाहिजे तर 'गिट सिम्बॉलिक-रेफ', फरक पाहिजे तर डिफ-इंडेक्स नाहीतर डिफ-ट्री, कॉमिटची यादी रेव्ह-लिस्टकडून. साधं 'गिट डिफ' वाचणारी स्क्रिप्ट एखाद्यानं डिफमधले ए-बी प्रीफिक्स बंद केले की मोडते, कारण ते त्याच्या आवडीनिवडी ऐकतं, डिफ-इंडेक्स त्यातलं बहुतेक ऐकत नाही. आणि गंमत अशी की 'गिट स्टेटस --पोर्सिलेन' हे नाव पोर्सिलेनचं असून ते खास स्क्रिप्टसाठीच आहे, त्याचं रूप बदलणार नाही असा गिटवाल्यांचा शब्द आहे. हे नाव कुणी ठेवलं असेल ते असो, पण नव्या पोरांचा गोंधळ इथंच होतो.

शक्य तिथं तर आउटपुट वाचूच नका, एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो आकडा) बघा. काही बदललंय का? 'गिट डिफ --क्वाएट', बदल असेल तर १, नसेल तर ०. ही कॉमिट त्या ब्रँचमध्ये आली का? 'गिट मर्ज-बेस --इज-अँसेस्टर'. एका इफमध्ये काम होतं.

हे मी एवढं का सांगायलो, तर माझं हसं झालंय म्हणून. आमच्याकडं पावत्यांचे टेम्प्लेट आहेत, आणि ऑफिसातल्या एका हौशी माणसानं (म्हणजे मीच) फायलींची नावं देवनागरीत ठेवलेली, पावती, पट्टी, उचल अशी. प्री-कॉमिट हुक पण मीच लिहिलेला: स्टेज केलेल्या (पुढच्या कॉमिटसाठी ॲड केलेल्या) फायलींची नावं 'गिट डिफ --कॅश्ड --नेम-ओन्ली' नं काढायची, एकेक नाव घ्यायचं, फाईल जागेवर आहे का बघायचं, असेल तर तिच्यात मर्जच्या खुणा (दोन ब्रँच जुळवताना अडलं की गिट टाकतं त्या), म्हणजे ती सात सात कंस असलेली ओळ, राहिलीय का ते शोधायचं. तीन महिने हुक हिरवा. मग ऐन सोयाबीनच्या हंगामात, मोंढ्यात पाय ठेवायला जागा नाही अशा वेळी, एका आडत्याचा फोन. "साहेब, पावतीवर तुमचं नाव छापलं तर समजलं असतं, हे सात बाण कशाचे आलेत? आणि खाली लिवलंय हेड. शेतकरी विचारायलाय हेड म्हंजी कोण?"

मर्जच्या खुणा थेट प्रिंटरपर्यंत गेल्या होत्या. बरं, एकाच दुकानात नाही.

कारण शोधायला संध्याकाळ झाली. गिटमध्ये कोअर डॉट कोटपाथ नावाची एक सेटिंग असते आणि ती मुळात चालू असते. तिच्यामुळं इंग्रजीबाहेरची अक्षरं असलेलं फाईलचं नाव गिट जसंच्या तसं देत नाही, प्रत्येक बाईटचा ऑक्टल आकडा करून, वर दुहेरी अवतरणात घालून देतं. 'पावती' मधला नुसता 'प' असा येतो: \३४०\२४४\२५२. माझा हुक बिचारा त्या आकड्यांच्या नावाची फाईल डिस्कवर शोधायचा, ती कुठून सापडणार, सापडली नाही की मी लिहिलं होतं 'सोडून दे, डिलीट झाली असेल'. म्हणजे जितके देवनागरी टेम्प्लेट होते तितके तपासणीला कधी बसलेच नाहीत, आणि प्रत्येक वेळी हुक म्हणायचा सगळं ठीक. हुक नसता तर निदान डोळ्यांनी बघितलं असतं.

उपाय एका अक्षराचा आहे, -झेड. हे लावलं की नावं जशीच्या तशी येतात आणि मध्ये नवीन ओळीच्या ऐवजी शून्य बाईट येतो, मग पुढं झार्ग्जला (यादीतल्या नावांवर कमांड चालवणारं अवजार) -० द्यायचं. नावात जागा असो, मात्रा असो, काही असो, फरक पडत नाही. डिलीट झालेल्या फायली नको असतील तर 'सोडून दे' असलं काही लिहायचं नाही, --डिफ-फिल्टर ला एसीएमआर सांगायचं, म्हणजे नवीन, कॉपी, बदललेल्या आणि नाव बदललेल्या तेवढ्याच येतात, आणि मग एखादी फाईल नाही सापडली तर स्क्रिप्टनं ओरडून मरायचं. कोटपाथ फॉल्स करून ठेवणं हा उपाय नाही, ते तुमच्या मशीनवर तुम्हाला नावं नीट दिसावीत म्हणून ठीक, दुसऱ्याच्या मशीनवर ते नसणारच.

आणि सगळ्यात लाज आणणारी गोष्ट म्हणजे मर्जच्या खुणा शोधायला स्क्रिप्ट लागतच नव्हती. 'गिट डिफ --कॅश्ड --चेक' हेच काम करतं, वर ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागाही पकडतं. गिट प्रत्येक नव्या रेपोत हुकांचे नमुने टाकतं, डॉट सॅम्पल शेपटीचे, त्यातल्या प्री-कॉमिटच्या नमुन्यात ही तपासणी तयार आहे. तो नमुना मी कधी उघडला नव्हता. तो तुम्ही आजच उघडून वाचा, एकच सांगून ठेवतो, त्याच्यातच इंग्रजीबाहेरच्या अक्षरांची नावं असलेली नवी फाईल अडवायचा कोड पण आहे, मराठी नावं पाहिजेत तर हुक्स डॉट अलाउनॉनॅस्की ट्रू करावं लागतं.

तुमच्या हुकमध्ये दुसरा जो दोष मला दिसतो तो जवळजवळ सगळ्यांच्याच हुकमध्ये असतो. तुम्ही डिस्कवरची फाईल तपासता, पण कॉमिट होते ती इंडेक्समधली (ॲड केलेली प्रत कॉमिटपर्यंत थांबते ती जागा). पोरानं अर्धी फाईल ॲड केली, मग चूक दिसली, दुरुस्त केली, परत ॲड करायचं विसरला. हुक दुरुस्त फाईल बघतो, पास करतो, कॉमिटमध्ये मात्र चुकीचीच जाते. एखाद-दुसरी फाईल असेल तर 'गिट शो' ला कोलन लावून फाईलचं नाव द्या, इंडेक्समधली प्रत मिळते. बऱ्याच फायली असतील तर 'गिट चेकआउट-इंडेक्स -ए --प्रीफिक्स' ला तात्पुरता फोल्डर द्या (शेवटी स्लॅश विसरू नका, नाहीतर फोल्डरच्या नावाला चिकटून भलतीच नावं तयार होतात), तिथं तपासा, ट्रॅप (स्क्रिप्ट संपताना चालणारी ओळ) लावून शेवटी पुसून टाका.

बरेच जण सांगतील की हुकमध्ये स्टॅश करा (न नोंदवलेलं काम तात्पुरतं बाजूला ठेवा), तपासा, मग स्टॅश पॉप करा. करू नका. आपल्याकडं लाईटचा भरवसा आहे का? इन्व्हर्टर नसलेल्या डेस्कटॉपवर बरोबर मधल्या सेकंदाला लाईट गेली की त्या माणसाचं दिवसभराचं काम स्टॅशमध्ये अडकतं, ते परत मिळतं पण त्याला ते माहीत नसतं, तो रडकुंडीला येतो आणि तुमचा हुक जन्मात परत लावत नाही. तपासणाऱ्यानं समोरच्याच्या फायलींना हात लावायचा नाही.

कॉमिट मेसेजचा हुक, म्हणजे कॉमिट-एमएसजी, त्याबद्दल तुम्ही लिहिलंय की पहिली ओळ पन्नासच्या आत पाहिजे असा नियम लावला आणि मराठी मेसेज उगंच अडकायलेत. साहजिक आहे, तुम्ही डब्ल्यूसी -सी नं बाईट मोजायलात. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाईट. त्यातही 'क्षि' हे आपल्याला एक अक्षर दिसतं, पण आत क, हलन्त, ष आणि वेलांटी असे चार तुकडे, म्हणजे बारा बाईट. डब्ल्यूसी -एम लावलं तर बाराचे चार होतील, एक काही होणार नाही, आणि लोकेल (मशीनची भाषेची सेटिंग) सी असेल तर -एम सुद्धा बाईटच मोजतं. मी आमच्याकडं ही मर्यादाच काढून टाकली, पहिली ओळ रिकामी नको आणि तिकिटाचा नंबर पाहिजे एवढंच तपासतो. पन्नास हा काही देवाचा आकडा नाही.

आता वाटप. हुक क्लोनबरोबर (रेपोची प्रत उतरवून घेताना) येत नाहीत, आणि येऊ नयेतच, नाहीतर कुणाचाही रेपो क्लोन केला की पहिल्या कॉमिटला त्याचा कोड तुमच्या मशीनवर पळाला असता. पण व्हॉट्सॲप हा मार्ग नाही. रेपोतच एक फोल्डर करा, डॉट-गिटहुक्स म्हणा, आणि प्रत्येकानं एकदाच कोअर डॉट हुक्सपाथ त्या फोल्डरकडं वळवायचा. ही सोय २.९ पासून, म्हणजे २०१६ पासून आहे. आम्ही रेपोत एक छोटी 'मांडणी' स्क्रिप्ट ठेवलीय, ती दोनच कामं करते: हुक्सपाथ लावते, आणि त्या रेपोपुरतं एक एलियस टाकते जे टूल्स फोल्डरमधल्या गिट-तोल फाईलला बोलावतं. वर सांगितलं ना, उद्गारचिन्हवालं एलियस मुळापासून चालतं, ते इथं कामी येतं, पाथला हात लावायची गरजच नाही. कमांड सुधारली की पुल केल्यावर सगळ्यांकडं सुधारली.

एक खड्डा आहे बरं का. हुक्सपाथ बदलला की डॉट-गिटमधल्या जुन्या हुक्स फोल्डरकडं गिट ढुंकूनही बघत नाही. तुम्ही एलएफएस वापरत असाल तर त्याचे हुक तिथंच असतात, त्यातला प्री-पुश (कॉमिट सर्व्हरवर पाठवायच्या आधी चालणारा) बंद पडला की मोठ्या फायली सर्व्हरवर जातच नाहीत, कॉमिट मात्र जातात, आणि दुसऱ्याला क्लोन केल्यावर फायलीच्या जागी तीन ओळींचा मजकूर मिळतो. एलएफएसची ओळ तुमच्या हुकमध्ये हातानं घाला.

तुमच्या दोन विंडोजवाल्यांचं बघू. मशीन न बघता सांगतोय, पण बहुतेक या तीनपैकीच एक निघेल. व्हॉट्सॲपवरून आलेली फाईल नोटपॅडमध्ये उघडून सेव्ह केली असेल तर नाव प्री-कॉमिट डॉट टीएक्सटी झालं असेल, आणि विंडोज शेपूट लपवतं म्हणून दिसत नसेल, गिटला नाव तंतोतंत 'प्री-कॉमिट' लागतं. नाहीतर ओळींच्या शेवटी विंडोजचं सीआर (न दिसणारं ओळ-संपली चिन्ह) शिरलं असेल, मग 'बॅड इंटरप्रिटर' नाहीतर 'कमांड नॉट फाउंड' असलं काहीतरी येतं, त्यावर गिटॲट्रिब्यूट्समध्ये त्या फोल्डरसाठी ईओएल एलएफ लिहून ठेवा, कायमचं मिटतं. नाहीतर पहिल्या ओळीत पायथन३ मागितलंय आणि त्या मशीनवर ते त्या नावानं नाही. गिट फॉर विंडोजबरोबर शेल येतं, पायथन येत नाही, म्हणून हुकची ती एक ओळ कायम साध्या शेलमध्ये ठेवा. उलट बाजूनं पण एक होतं: हुकची फाईल विंडोजवरून ॲड केली तर तिला चालवायचा बिट बसत नाही आणि लिनक्सवाल्याकडं गिट 'एक्झिक्युटेबल नाही म्हणून दुर्लक्ष केलं' अशी सूचना देऊन पुढं जातं. 'गिट अपडेट-इंडेक्स --चमॉड=+एक्स' करून कॉमिट करा.

जे दोघं टाळायलेत त्यांच्यावर चिडू नका. --नो-व्हेरिफाय ही गिटनं दिलेलीच सोय आहे, आणि तुमचा हुक किती वेळ घेतो ते मोजलं का? सगळ्या टेस्ट कॉमिटला लावल्या असतील तर चाळीस सेकंद कोण थांबणार, दिवसातून वीसदा कॉमिट करणाऱ्यानं काय तेवढ्यात चहा प्यायचा का. कॉमिटला जे दोन सेकंदात होईल तेवढंच, बाकीचं प्री-पुशला. त्या हुकला स्टँडर्ड इनपुटवर ओळी येतात, प्रत्येक ओळीत चार गोष्टी: आपला रेफ (ब्रँचचं नाव), आपला हॅश (कॉमिटचा ओळखक्रमांक), तिकडचा रेफ, तिकडचा हॅश. आपला हॅश सगळा शून्य असेल तर ब्रँच डिलीट व्हायलीय, तपासायला काही नाही. तिकडचा शून्य असेल तर ब्रँच नवीन आहे, तिथं जुना-ते-नवा असा पल्ला मागितला की गिट एरर देतं, म्हणून 'गिट रेव्ह-लिस्ट' ला आपला हॅश आणि --नॉट --रिमोट्स द्यायचं. हे दोन शून्य न सांभाळणारे हुक मी इतके बघितलेत की आता कुणी प्री-पुश दाखवला की आधी तेच शोधतो.

आणि जे मोडलंच नाही पाहिजे ते कुणाच्या लॅपटॉपवर अडवायचंच नाही. लॅपटॉपवरचा हुक म्हणजे दारात बसलेली आज्जी, ती आठवण करून देते, अडवू शकत नाही. अडवायचं सर्व्हरवर, प्री-रिसीव्हमध्ये, तिथं --नो-व्हेरिफायचं काही चालत नाही. तिथं पण तसंच, जुना हॅश, नवा हॅश, रेफ अशा ओळी येतात आणि तुम्ही शून्य सोडून काही परत दिलं की अख्खा पुश नाकारला जातो. एकेका ब्रँचचा वेगळा निकाल पाहिजे तर अपडेट हुक. स्वतःच्या सर्व्हरवर साधं गिट नाहीतर गिटलॅब बसवलं असेल तर हे जमतं, गिटहबच्या नेहमीच्या खात्यावर स्वतःचा प्री-रिसीव्ह टाकता येत नाही, तिथं सीआयमध्ये (पुश झाल्यावर सर्व्हरवर आपोआप तपासण्या चालवणारी सोय) 'गिट तोल' लावायचं आणि मुख्य ब्रँचला प्रोटेक्शन लावायचं. आधी कमांड लिहा म्हणालो ते यासाठीच, तीच एक फाईल हातानं चालते, हुकमध्ये चालते, सीआयवर चालते.

सर्व्हरच्या हुकमध्ये लोक सगळ्यात जास्त ज्याला अडकतात ते पोस्ट-रिसीव्ह. पुश झाला की साईटच्या फोल्डरमध्ये जाऊन गिट पुल करायचं, एवढीच इच्छा असते. हातानं केलं की चालतं, हुकमधून केलं की 'नॉट अ गिट रिपॉझिटरी', समोर टिंब. माझे यात दोन दिवस गेले होते, परवानग्या बदलून झाल्या, युजर बदलून झाला, काही नाही. गोष्ट एवढीच की हुक चालवताना गिट स्वतः गिट_डिर हे व्हेरिएबल टिंबावर लावून ठेवतं, तुम्ही सीडी करून दुसऱ्या फोल्डरात गेलात तरी ते टिंबच राहतं, आणि नव्या फोल्डरचं टिंब काही गिटचं पोट, म्हणजे गिटची माहिती असलेला फोल्डर, नाही. दुसऱ्या रेपोत जायच्या आधी ती सगळी व्हेरिएबल काढून टाकायची, आणि त्यांची यादी पाठ करायची गरज नाही, 'गिट रेव्ह-पार्स --लोकल-एन्व्ह-व्हार्स' ती छापून देतं, ती अनसेटला द्यायची. सबव्हर्जनमध्ये याच्या बरोबर उलटं होतं, तिथं हुकला एन्व्हायर्नमेंटच रिकामं मिळायचं, पाथसुद्धा नाही, आणि आम्ही प्रत्येक कमांडचा पूर्ण पत्ता लिहायचो. हातानं चालतं आणि हुकमधून चालत नाही असं दिसलं की पहिल्यांदा हुकच्या पहिल्या ओळीत ईएनव्ही चालवून एका फाईलमध्ये टाका आणि दोन्ही ठिकाणचं शेजारी ठेवून बघा. गिट_ट्रेस १ केलं तर आतून काय काय चालवलं ते पण दिसतं.

एकदा तुमच्याकडं अशी स्वतंत्र कमांड झाली की एक फायदा फुकटात मिळतो, गिट बायसेक्ट रन, जे मधल्या कॉमिट अर्ध्या-अर्ध्या करत बिघाड आणणारी कॉमिट शोधतं. आमच्याकडं तोलाईच्या बेरजेत पैशाचा फरक यायला लागला, कधीपासून ते कुणाला सांगता येईना, मधे पाचशेच्या आसपास कॉमिट. बेरीज तपासणारी दहा ओळींची स्क्रिप्ट लिहिली, बायसेक्टला दिली, नऊ फेऱ्यात त्यानं कॉमिट दाखवली, राउंडिंग दोनदा व्हायलं होतं. स्क्रिप्टनं ० दिलं तर चांगली, १ दिलं तर वाईट, आणि ती कॉमिट बिल्डच होत नसेल तर १२५, म्हणजे ही सोड, पुढं चल. ती स्क्रिप्ट रेपोच्या बाहेर ठेवा मात्र, बायसेक्ट दर फेरीला जुनी कॉमिट चेकआउट करतं आणि आत ठेवलेली कमिटेड स्क्रिप्ट पण त्याबरोबर मागं जाते नाहीतर गायबच होते.

राहिलं नाव. तुम्ही कमांडला 'गिट चेक' म्हणायचं म्हणताय, मी म्हणेन नको. गिटच्या स्वतःच्या कमांडा आधी बघितल्या जातात, मग पाथ, त्यामुळं उद्या गिटनंच त्या नावाची कमांड आणली तर तुमची फाईल एक शब्द न बोलता बाजूला पडते. २०१९ मध्ये २.२३ बरोबर गिट स्विच आणि गिट रिस्टोअर आले, तेव्हा ज्यांनी स्वतःच्या स्क्रिप्टला तीच नावं दिली होती त्यांच्या स्क्रिप्ट अशाच बाजूला पडल्या. आपल्या कामातला एखादा ठेवणीतला शब्द घ्या, फीचं सॉफ्टवेअर आहे तर 'गिट पावती' म्हणा. आमचं 'तोल' मोंढ्यातून आलं, आणि गिटवाले कधी त्या नावाची कमांड आणतील असं मला तरी वाटत नाही.